त्रैमासिक काढायचंय? आधी सात माणसं शोधा

गेल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांनी फोन करून एकच विचारलं, "तुम्ही अंक रीतसर रजिस्टर केलात म्हणे, कसं काय जमवलंत?" प्रत्येकाला तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. आमचं त्रैमासिक कोल्हापुरातून निघतं. कविता, कथा, अनुवाद, थोडी समीक्षा आणि प्रत्येक अंकात एका चित्रकाराची आठ रंगीत पानं. नाव मुद्दाम देत नाही, वर्गणी मागायला हा लेख नाही. मी दिवसा एका पतसंस्थेत हिशेब बघते. संपादकीय कामात माझ्या वाचनाचा जेवढा उपयोग झाला, त्याहून जास्त या नोकरीचा झाला असं म्हटलं तरी चालेल.

२०२२ पर्यंत आमचं अनियतकालिकच होतं. मराठीत त्या वाटेनं जाणाऱ्यांची कमी नाही. १९५० च्या दशकात 'शब्द' सायक्लोस्टाइल करून निघायचं, पुढच्या दशकात 'असो', 'वाचा', 'येरू', 'फक्त' आली. आम्हीही तसंच, मजकूर जमला की अंक आणि पैसे असतील तेवढी पानं. त्यातल्या दोन अंकांना तर पुस्तक म्हणून आयएसबीएन, म्हणजे पुस्तकांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, घेतला होता. तो दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन आणि फुकट मिळतो. वर्षाला एखादाच अंक काढणार असाल तर माझं प्रामाणिक मत विचाराल तर एवढंच करा आणि हा लेख इथेच सोडा. नोंदणीचा व्याप त्या एका अंकासाठी करण्यात अर्थ नाही.

आम्हाला तो करावा लागला त्याचं कारण पैसे. अंकाची वर्गणी माझ्या बचत खात्यात यायची. सुरुवातीला चाळीस-पन्नास माणसं होती तोवर ठीक होतं. पुढे कुणी पाच हजार, कुणी दहा हजार देणगी म्हणून पाठवू लागलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. दिवसभर लोकांच्या पासबुकात नोंदी करणाऱ्या बाईच्या स्वतःच्या पासबुकात लोकांचे पैसे, ही गोष्ट मला पचेना. त्यात एका देणगीदारानं ८०-जीची, म्हणजे आयकरात वजावट मिळवून देणारी, पावती मागितली आणि दोन ग्रंथालयांनी "संस्थेच्या नावानं बिल द्या" म्हणून सांगितलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये आम्ही बसलो आणि ठरवलं, संस्था काढायची.

या सगळ्या खटाटोपात क्रम फार महत्त्वाचा आहे. आमच्या ओळखीतल्या एका गटानं आधी एकाच्या वैयक्तिक नावावर शीर्षक घेतलं, मग संस्था काढली, आणि आता मालकी बदलायच्या कागदांत ते अडकलेत. नियतकालिकाच्या नोंदणीत मालक कोण ते लिहावं लागतं. मालक संस्था असायला हवी असेल तर संस्था आधी जन्माला यायला हवी. म्हणून आमचा क्रम असा ठरला: संस्था, पॅन आणि बँक, आयकराची नोंदणी, मग नियतकालिक, आणि शेवटी टपाल.

संस्थेचे तीन प्रकार समोर होते. न्यासपत्र करून ट्रस्ट, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालची संस्था, किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. कंपनीचं नाव ऐकायला भारदस्त वाटतं, पण दरवर्षीची विवरणपत्रं आणि त्यांची फी आमच्या आवाक्याबाहेर होती. ट्रस्टमध्ये तेव्हा सगळं बहुधा तहहयात विश्वस्तांच्या हातात जायचं, ते आमच्यातल्या निम्म्यांना नको होतं. राहिली संस्था. आपल्याकडे संस्था नोंदवली की ती महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदवावी लागते. दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्याच कार्यालयात होतात.

संस्थेला किमान सात सभासद लागतात. हे सात म्हणजे सहीपुरती माणसं नव्हेत, हे सगळ्यात आधी लक्षात घ्या. आमच्या पहिल्या यादीत पाच कवी होते. मी ती यादी फाडायला लावली. कवी अंकात हवेत, कार्यकारिणीत एखाददुसराच बरा. शेवटी आमचे सात असे जमले: एक निवृत्त मुख्याध्यापिका, एक चित्रकार, एक वकील, एक औषधाचा दुकानदार, एक कथाकार, एक मुद्रितशोधक आणि मी. निवडीचा निकष एकच होता, फोन केला तर उचलतो का आणि बोलावलं तर सहीला येतो का. पॅन आणि आधारवर नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे का तेही त्याच दिवशी बघून घ्या. आमच्या कथाकारांच्या आधारवर वडिलांचं नाव नव्हतं, पॅनवर होतं. ते दुरुस्त होईपर्यंत सगळं थांबलं.

जानेवारी ते मार्च २०२३ कागद तयार करण्यात गेले. विधानपत्र, नियमावली, सभासदांची संमतिपत्रं, जागामालकाचं ना-हरकत पत्र आणि सोबत लाइट बिल, पहिल्या सभेचा ठराव, प्रतिज्ञापत्र, अधिकारपत्र. तेव्हा शंभराच्या स्टॅम्पपेपरवर काम भागलं. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात तो पाचशेचा झाला, त्यामुळे आता कुठल्या कागदाला स्टॅम्प लागतो आणि कुठल्याला नाही ते वकिलाला आधी विचारा. कार्यालयीन पत्ता म्हणून मुख्याध्यापिकाबाईंच्या घराची पुढची खोली दिली. आमच्या वकील सभासदांनी फी घेतली नाही, पण टायपिंग, नोटरी, झेरॉक्स, फायली आणि जाणं-येणं धरून बारा हजारांच्या आसपास खर्च आला. बाहेरून काम करून घेतलं तर त्याहून जास्त पडेल.

विधानपत्रातले उद्देश मात्र दुसऱ्याच्या फायलीतून उतरवून घेऊ नका. तेच उद्देश पुढे आयकर खातं वाचतं, तेच बँक वाचते. आमच्या मसुद्यात "अंकाची विक्री करून निधी उभारणे" असं एक वाक्य होतं. सीएंनी पेन्सिलीनं त्याखाली रेघ मारली आणि म्हणाले, "ताई, हे वाक्य तुम्ही धंदा करताय असं सांगतंय." मग तिथे "साहित्य व कलाविषयक नियतकालिक ना-नफा तत्त्वावर प्रकाशित करणे" आलं. संस्था विसर्जित झाली तर उरलेली मालमत्ता सभासदांत वाटली न जाता तशाच उद्देशाच्या दुसऱ्या संस्थेला जाईल, हे कलमही नियमावलीत असायलाच हवं. ते नसेल तर आयकराच्या टप्प्यावर घटना, म्हणजे हेच विधानपत्र आणि नियमावली, दुरुस्त करत बसावं लागतं, आणि घटना दुरुस्ती म्हणजे पुन्हा सभा, पुन्हा ठराव, पुन्हा अर्ज.

जुलै २०२३ मध्ये दोन्ही प्रमाणपत्रं हातात आली. विश्वस्त नोंदणीचा क्रमांक संस्थांसाठी 'एफ' नं सुरू होतो. सोबत परिशिष्ट १ चा, म्हणजे संस्थेच्या नोंदीचा, उतारा मिळतो तो जपा, बँकेत पहिल्यांदा तोच मागतात. त्या संध्याकाळी आम्ही सगळे रंकाळ्यावर भेळ खाऊन आलो. बाकी समारंभ काही नाही.

पॅन लगेच आलं, बँकेत मात्र वेळ गेला. संस्थेचं खातं म्हटलं की प्रत्येक बँकेचा ठरावाचा नमुना वेगळा. माझा सल्ला: तिघांपैकी कुणाही दोघांच्या सहीनं व्यवहार, असा ठराव करा, आणि त्या तिघांतला एक तरी गावात कायम राहणारा असू द्या. खातं उघडलं त्या दिवशी माझ्या बचत खात्यातली अंकाची सगळी शिल्लक पैशापैशासह संस्थेकडे वळती केली. त्याचा तक्ता करून सभेपुढे ठेवला आणि इतिवृत्तात लिहून घेतला. रात्री झोप चांगली लागली.

आयकराचं काम सीएंवर सोपवलं. तेव्हा १९६१ चा आयकर कायदा लागू होता. त्यात सुरुवातीला फॉर्म १०-ए भरून १२-ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०-जी दोन्हींची तात्पुरती नोंदणी मिळायची, ती तीन वर्षांची असायची आणि लवकर यायची. आमची महिन्याभरात आली. पण तीन वर्षं निवांत, असं नव्हतं. प्रत्यक्ष काम सुरू केल्यापासून सहा महिने किंवा तात्पुरती मुदत संपायच्या सहा महिने आधी, यांतलं जे आधी येईल तोवर फॉर्म १०-एबी भरून नियमित नोंदणी मागावी लागायची. त्या वेळी खात्याकडून प्रश्न येतात. कार्यक्रमांचे फोटो, बिलं, बँकेचे उतारे, कामाचा अहवाल. आम्ही पहिल्या दिवसापासून प्रत्येक काव्यवाचनाचा फोटो आणि चहाचं बिल एका फायलीत लावत होतो, त्यामुळे उत्तर द्यायला त्रास झाला नाही. सीएंची दोन्ही टप्प्यांची मिळून फी दहा हजार. २०२४ मध्ये नियमित नोंदणी पाच वर्षांसाठी मिळाली.

इथे पैशाच्या दोन गोष्टी नीट समजून घ्या, कारण लोक त्यातच घोळ घालतात. वर्गणी ही देणगी नव्हे. सहाशे रुपये देऊन वर्षाचे चार अंक घेणाऱ्याला ८०-जीची पावती देता येत नाही, त्याला साधी वर्गणीची पावती. देणगीदाराचा पॅन घ्यायचा, रोख दोन हजारांच्या वर दिली तर त्याला वजावट मिळत नाही हे आधीच सांगायचं, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर मुदतीत देणग्यांचं विवरण भरून प्रत्येकाला प्रमाणपत्र द्यायचं. आमच्याकडे दोन वेगळी पावतीपुस्तकं आहेत, पिवळं वर्गणीचं आणि पांढरं देणगीचं. दुसरी गोष्ट जाहिरातींची. आयकराच्या नियमांत सार्वजनिक उपयोगितेच्या सदरात मोडणाऱ्या संस्थेला व्यापारी स्वरूपाचं उत्पन्न एकूण जमेच्या वीस टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं. आपल्याकडे दिवाळी आली की सराफ, सहकारी बँक, साखर कारखाना, सगळ्यांच्या जाहिराती मिळू शकतात, आणि मोह होतो. आम्ही मागचं कव्हर आणि आतल्या दोन बाजू एवढंच विकतो. चित्रकार सभासदांना तेही खुपतं, पण छपाईचं बिल त्यांनीही बघितलंय.

आता नियतकालिक. आम्ही जुन्या कायद्याची तयारी करून बसलो होतो. १८६७ चा प्रेस कायदा, दिल्लीच्या आरएनआयकडे (वृत्तपत्र निबंधकांकडे) शीर्षक पडताळणी, मग जिल्हा दंडाधिकाऱ्यांसमोर घोषणापत्र, मग पुन्हा दिल्ली. तेवढ्यात १ मार्च २०२४ पासून नवा कायदा लागू झाला, प्रेस आणि नियतकालिक नोंदणी अधिनियम, २०२३. आरएनआयच्या जागी प्रेस महानिबंधक आले, आणि सगळं काम प्रेस सेवा पोर्टलवर गेलं. शीर्षक आणि नोंदणी यांचा अर्ज आता एकत्रच होतो. घोषणापत्र घेऊन दंडाधिकाऱ्यांपुढे उभं राहायची गरज उरली नाही. अर्ज ऑनलाइन त्यांच्याकडे जातो आणि त्यांनी साठ दिवसांत अभिप्राय द्यायचा असतो. फी हजार रुपये.

पोर्टल स्थिरावू द्यावं म्हणून आम्ही थांबलो आणि जुलै २०२४ मध्ये अर्जाला बसलो. शीर्षकासाठी पाच पर्याय पसंतीक्रमानं द्यायचे. नियम असा, की त्याच भाषेत देशात कुठेही, किंवा आपल्याच राज्यात दुसऱ्या कुठल्याही भाषेत, तसं किंवा त्याच्यासारखं शीर्षक असेल तर मिळत नाही. चांगले शब्द केव्हाच गेलेत. नदी, झाड, प्रकाश, अक्षर, शब्द यांच्याशी संबंधित जे सुचेल ते कुणीतरी कुठल्यातरी जिल्ह्यात नोंदवून ठेवलेलं असतं. त्यातली किती चालू आहेत देव जाणे. पोर्टलवर शीर्षकांचा शोध घेता येतो, तो आधी घ्या. आम्ही दोन संध्याकाळी हाच खेळ केला. एकेक जण नाव सुचवायचा, मी टाइप करायची, आणि सगळे मिळून हळहळायचे. शेवटी जे मिळालं ते आमच्या यादीत पाचवं होतं. आता सवय झाली, आता तेच बरं वाटतं.

अर्जात एक अडचण अशी येते जी कुणी सांगत नाही. छापखान्याचीही माहिती पोर्टलवर असावी लागते. आमचा छापखाना लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांचे वार्षिकांक छापणारा. मालकांना पोर्टल वगैरे माहीत नव्हतं. एका रविवारी त्यांच्या काउंटरवर बसून आम्हीच त्यांची माहिती भरली, त्यांच्या मोबाइलवर ओटीपी यायचा आणि मशीनच्या आवाजात तो ओरडून सांगावा लागायचा. छापखाना बदलला तर तेही कळवावं लागतं, म्हणून एका अंकासाठी स्वस्त दर मिळतोय म्हणून उठून दुसरीकडे जाऊ नका.

सप्टेंबरमध्ये पोलिस पडताळणीसाठी घरी एक हवालदार आले. चहा घेतला, वही काढली.

"पेपर काढताय न्हवं?"

"पेपर नाही, त्रैमासिक. तीन महिन्यांनी एकदा."

"बातम्या कसल्या असत्यात?"

"बातम्या नाहीत. कविता, गोष्टी, चित्रं."

ते थोडा वेळ वहीकडे बघत राहिले. "मग लिहू काय?"

प्रश्न अगदीच गैर नव्हता. कायद्यात नियतकालिकाची व्याख्या सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरचं भाष्य यांना धरून आहे. आमच्या अर्जात 'साहित्य आणि कला' हा विषय होता आणि अंकात प्रदर्शनांचे, नाटकांचे, पुस्तकांचे वृत्तान्त असतातच. जुना अंक त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी मधलं चित्रांचं पान उघडलं, दळवीज आर्टमध्ये त्यांचा पुतण्या शिकतो असं सांगितलं आणि "साहित्य, कला व सांस्कृतिक" असं लिहून घेऊन गेले. जाताना अंकही घेऊन गेले.

डिसेंबर २०२४ मध्ये प्रमाणपत्र पोर्टलवर आलं, क्यूआर कोडसकट. ते आलं त्या वेळी मी पतसंस्थेत होते, मार्चअखेरीआधीच्या थकबाकीच्या याद्या काढत होते. पीडीएफ उघडून संस्थेचं नाव मालकाच्या रकान्यात नीट आहे ना एवढं पाहिलं आणि पुन्हा यादीकडे वळले.

पहिला नोंदणीकृत अंक जानेवारी–मार्च २०२५ चा. आकार डबल क्राउन एक अष्टमांश, ९६ पानं, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या सोळा-सोळा पानांचे सहा फर्मे. आत सत्तर जीएसएम मॅपलिथो कागद, रंगीत आठ पानं आर्ट पेपरवर वेगळी, मुखपृष्ठाला मॅट लॅमिनेशन. सहाशे प्रती. छपाई आणि बांधणी ५१ हजार, अक्षरजुळणी सात हजार, लेखक-चित्रकारांना प्रत्येकी पाचशे रुपये मानधन. पाचशे म्हणजे काहीच नाही हे मान्य, पण शून्य द्यायचं नाही हे आम्ही पहिल्या सभेत ठरवलं होतं. पाचशे रुपये आल्यावर एका ज्येष्ठ कवींनी फोन करून विचारलं, "हे चुकून आले का?"

अक्षरजुळणीबद्दल एक सांगते. लेखक युनिकोडमध्ये मजकूर पाठवतात आणि जुळारी तो श्रीलिपीत, म्हणजे छपाईच्या जुन्या फाँटमध्ये, घेतात. या रूपांतरात रफार इकडेतिकडे उड्या मारतो, 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' तुटतात, अवतरणचिन्हं उलटी होतात. कवितेत ओळी कुठे तुटल्या तेही बघावं लागतं. आमचे मुद्रितशोधक पहिलं वाचन मूळ मजकुरावरच करतात आणि दुसरं रूपांतरानंतर फक्त जोडाक्षरांसाठी. तिसरं वाचन छापील प्रुफावर, ते मात्र वेगळ्या डोळ्यांनी व्हायला हवं, म्हणून ते मुख्याध्यापिकाबाई करतात. त्या शाळेतल्या सवयीनं लाल पेननंच खुणा करतात.

रंगीत पानांना सगळ्यात जास्त वेळ द्या. स्क्रीनवर चित्र बघून मंजुरी देऊ नका. आमच्या पहिल्या चित्रकाराच्या एका कॅनव्हासमध्ये हळदीचा पिवळा होता, प्रुफात तो लिंबाकडे झुकला. चित्रकार स्वतः मूळ चित्र चादरीत गुंडाळून रिक्षातून छापखान्यात घेऊन आले आणि मशीनशेजारी ट्यूबलाइटखाली धरून उभे राहिले. मशीनमननं चार-पाच शीट वाया घालवून निळा कमी केला. तेव्हा कुठे पिवळा परत आला. ते वाया गेलेले शीट चित्रकार मागून घेऊन गेले. चित्र छापायची लेखी परवानगी आणि फोटो कुणी काढला त्याचं नाव, हे दोन्ही फायलीत ठेवा.

बांधणीत मात्र घोटाळा झाला. काही प्रतींत तिसरा फर्मा दोनदा आणि चौथा गायब. कळलं तेव्हा पन्नासेक अंक वाटून झाले होते. बांधणी जिथे झाली त्यांनी त्या प्रती बदलून दिल्या, पण वाटलेले परत गोळा करायला महिना गेला. तेव्हापासून प्रत्येक फर्म्याच्या घडीवर, कण्याच्या बाजूला, एक काळी खूण छापायला सांगतो, प्रत्येक फर्म्यात थोडी खाली सरकलेली. फर्मे जुळवून झाले की कण्यावर त्या खुणांची तिरकी पायरी दिसते. पायरी तुटली की प्रत बाजूला. कव्हर चिकटायच्या आधी आमच्यातला एक जण तिथे बसून प्रत्येक गठ्ठा बघतो.

अंक तयार झाला आणि टपालापाशी येऊन अडलो. आधीचे अंक पुस्तक म्हणून आम्ही रजिस्टर्ड बुक पोस्टनं पाठवायचो. स्वस्त पडायचं आणि पोचल्याची खात्री असायची. ती सोय १८ डिसेंबर २०२४ ला बंद झाली. म्हणजे आमचं प्रमाणपत्र आलं त्याच महिन्यात. नोंदणीकृत वृत्तपत्रांना टपालदरात मोठी सवलत असते हे ऐकून होतो, म्हणून त्याची चौकशी केली. तिथे कळलं, दोन अंकांमधलं अंतर ३१ दिवसांपेक्षा जास्त नसावं लागतं. त्रैमासिक बादच. मे २०२५ मध्ये पुस्तकांसाठी टपाल खात्याचं ज्ञान पोस्ट सुरू झालं, तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि वर कर. आमचा अंक दोनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणून आनंदानं गठ्ठा घेऊन गेलो. खिडकीवरच्या बाईंनी अंक उलटून पाहिला, जाहिरात पाहिली, नोंदणी क्रमांक पाहिला आणि शांतपणे सांगितलं की ही सेवा नियतकालिकांसाठी नाही. पुस्तक होतो तेव्हा पुस्तकाची सोय गेली, आणि ती नव्या रूपात आली तोवर आम्ही नियतकालिक झालो होतो. त्यांचाही काही दोष नाही, नियम समोर लावलेलाच होता. सप्टेंबर २०२५ पासून तर रजिस्टर्ड पोस्टच स्पीड पोस्टात विलीन झालं. सगळे अंक स्पीड पोस्टनं पाठवायचे म्हटले तर वर्गणीतला तिसरा हिस्सा तरी टपालातच जाईल.

सध्या आम्ही असं करतो. कोल्हापुरातल्या प्रती हातानं पोचवतो, औषधाच्या दुकानातूनही लोक घेऊन जातात. पुणे, मुंबई, सांगली इथे गठ्ठा ट्रॅव्हल्सच्या डिकीतून जातो आणि तिथला एक वर्गणीदार तो वाटतो, त्याच्याकडून वर्गणी घेत नाही. बाकीच्यांना साधं बुक पोस्ट. पाकीट चिकटवायचं नाही, आतलं बघता आलं पाहिजे, आणि वर ठळक 'बुक पोस्ट' लिहायचं. पिन कोड मोठ्या अक्षरांत. काही अंक पोचत नाहीत. म्हणून प्रत्येक अंकाच्या तीसेक प्रती राखून ठेवतो आणि "मिळाला नाही" असा निरोप आला की वाद न घालता दुसरी पाठवतो.

यूपीआयमुळे वर्गणी सोपी झाली असं वाटतं, पण खात्यावर येतं नुसतं सहाशे रुपये आणि कुणाच्या तरी जावयाचं नाव. क्यूआर कोडच्या खाली आम्ही आता मोठ्या अक्षरांत लिहिलंय, पैसे पाठवल्यावर नाव, पत्ता आणि पिन व्हॉट्सअॅप करा. तरीही वर्षाअखेरीला सात-आठ बेवारस वर्गण्या उरतात. त्या मी 'अनामत' म्हणून वेगळ्या दाखवते. कुणीतरी कधीतरी "अंक येत नाही" म्हणून फोन करतोच, आणि मग तो सापडतो.

दुकानांचा अनुभव बरा-वाईट. विक्रेते तीस ते चाळीस टक्के कमिशन घेतात, ते रास्त आहे. मात्र एका मोठ्या शहरातल्या एका विक्रेत्याकडून दोन अंकांचे पैसे अजून आलेले नाहीत आणि उरलेल्या प्रतीही नाहीत. आता नवीन दुकानाला दहाच प्रती देतो, त्यांचा हिशेब झाला की पुढच्या दहा. त्यापेक्षा ग्रंथालयं बरी. अ, ब वर्गाची शासनमान्य ग्रंथालयं वर्षाची वर्गणी एकरकमी देतात, फक्त त्यांना बिल दोन प्रतींत, शिक्क्यासह आणि आर्थिक वर्षाच्या आत हवं असतं. फेब्रुवारीतच पत्रं टाका, मार्चमध्ये त्यांचंही डोकं ठिकाणावर नसतं.

पहिला अंक निघाल्यावर आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, घेतला. दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून तो विनाशुल्क मिळतो, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. पण तो मुखपृष्ठावर छापला आणि प्राध्यापकांचे फोन सुरू झाले. "मॅडम, यूजीसी केअरला आहे का? पेपर छापायचे किती घेता?" यूजीसी केअर म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य शोधपत्रिकांची यादी. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगानं ती यादीच बंद केली, तरी फोन चालू आहेत. आम्ही शोधनिबंध छापत नाही, असं आता श्रेयनामावलीतच लिहून टाकलंय. कवितेसाठी मात्र इतक्या उत्साहानं कुणी फोन करत नाही.

अनुदानाचं विचारतात म्हणून लिहिते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ वाङ्मयीन नियतकालिकांना मदत करतं. आम्ही अजून अर्ज केलेला नाही. सलग तीन वर्षांचे अंक वेळेवर काढून दाखवायचे आणि मगच मागायचं, असं आमच्यात ठरलंय. वर्षाचा खर्च पावणेतीन लाखांच्या आसपास जातो, तो सध्या तीनशेच्या वर वर्गणीदार, थोड्या देणग्या आणि तीन जाहिराती यांतून कसाबसा निघतो. दिवाळी अंकानं हात दिला.

संस्था नोंदवली की काम संपत नाही, हे मात्र आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. दरवर्षी लेखापरीक्षण, त्याची फी सहा हजार, ताळेबंद धर्मादाय कार्यालयात, आयकराचं विवरणपत्र वेगळं, प्रेस पोर्टलवर वार्षिक विवरण वेगळं. मी भिंतीवरच्या कालनिर्णयवर या सगळ्या तारखा लाल शाईनं लिहिल्यात, अंकाच्या तारखा निळ्यानं. यंदा आमचे कथाकार मुलाकडे नाशिकला कायमचे गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. कार्यकारिणीत बदल झाला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. राजीनामा, सभेची सूचना, ती पोचल्याच्या सह्या, इतिवृत्त, नव्या सभासदाची संमती, सगळं जोडून तो दिलाय आणि पुढची तारीख मिळालीय. नवीन सभासद म्हणून आम्ही कुरिअरच्या व्यवसायातली एक मुलगी घेतलीय. ती कविता वाचत नाही असं तिनंच सांगितलं. पहिल्याच बैठकीत तिनं पत्त्यांची यादी पिन कोडनुसार लावून घेतली आणि नाशिकच्या गठ्ठ्यासाठी ट्रॅव्हल्सवाल्याचा नंबर काढून दिला. तो गठ्ठा तिथे उतरवून घ्यायला आमचे कथाकार तयार झालेत.